फळीखालचा हात

"एवढी मोठी फट तुम्हाला दिसत नाही का, मास्तर?"

ऑल्विनने मोबाइलचा उजेड पियानोच्या पोटात मारला. तारांखालच्या मोठ्या लाकडी फळीला वीतभर चीर गेली होती. फळी गेली म्हणजे पियानो गेला, असं त्याने घरमालक बावतीसकाकांना आल्या आल्या सांगूनही टाकलं होतं. दोन वर्षं मास्तरांच्या हाताखाली काढून गडी डॉक्टर झाला होता, तोही नाडी न बघता निदान करून मोकळा होणारा.

काकांनी वाद घातला नाही. पियानो त्यांच्या बायकोचा, फिलोमिनाचा. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. मुलाने सुतार सांगून ठेवला होता. दुरुस्त होणार नसेल, तर उद्या तो पियानो तोडून नेणार होता.

मनवेल मास्तर वसईत सगळ्यांचे पियानो दुरुस्त करत. ते म्हणाले, "फट बघितलीस. मघाशी मी वाजवली त्या पट्टीची खरखर कुठून येते, ते बघितलंस?"

"फटीतूनच येणार ना."

"खाली शीर."

इस्त्रीच्या पँटसकट ऑल्विन पियानोखाली उताणा झाला. फळीला खालून आडव्या दांड्या चिकटवलेल्या असतात. एकेक दांडी तळव्याने दाबत जा, असं मास्तरांनी त्याला सांगितलं. मग खरखरणारी पट्टी दाखवून काकांना म्हणाले, ही तुम्ही वाजवा.

काका जागचे हलले नाहीत. ती गेल्यापासून त्यांनी पियानोला हात लावला नव्हता.

"हे एकट्याने सापडत नाही, काका. एकाने वर वाजवायचं, एकाने खाली हात लावायचा."

बऱ्याच वेळाने काका आले. एका बोटाने पट्टी दाबली. सूर खरखरला. पुन्हा दाबली... पुन्हा तेच.

चौथ्या दांडीला ऑल्विनचा तळवा टेकला आणि सूर स्वच्छ आला.

फट होती तशीच होती. त्या दांडीचा सरस सुटला होता, एवढंच. अर्ध्या दिवसाचं काम.

काका पट्टीकडे बघत राहिले.

"ती हेच सांगायची," ते म्हणाले. "खरखरतंय, जरा खाली वाकून बघा. मी पेपर वाचत बसायचो. म्हणायचो, तुझे कान गेलेत... मग तिने वाजवणंच सोडलं."

त्यांनी पट्टीवरचं बोट उचललं.

"मास्तर, मी तेव्हा वाकलो असतो तर...?"

ऑल्विनला खालून काकांचे फक्त पाय दिसत होते. पियानो गेला, हे आपण किती सहज बोलून बसलो, याची त्याला लाज वाटली. काय करावं ते न सुचून त्याने विचारलं, जागा सापडली आहे, तर खूण करून बाहेर येऊ का.

मास्तरांनी काकांसाठी स्टूल पुढे ओढलं.

"हात काढू नकोस," ते म्हणाले. "काका, तुम्ही वाजवा."