मापाड्याची काठी आणि पसरट मडकं

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाला लागून शिंदीचं दाट बन. थंडी पडली की माणसं शिंदीवर चढत, शेंड्याजवळ छेद देत आणि त्याखाली आतून चुना लावलेलं मडकं बांधत. रात्रभर रस ठिबकायचा, उजाडता उजाडता मडकं उतरवायचं. सगळ्यांचा रस एकाच मोठ्या काहिलीत आटवायचा आणि ज्याचा रस जितका, तितका गूळ त्याने घरी न्यायचा, अशी रीत होती.

रस मोजायचं काम गावच्या मापाड्याकडे. त्याच्या आजोबांनी बांबूची एक काठी करून तिच्यावर खुणा कोरल्या होत्या. काठी मडक्यात उभी धरायची, रस कितव्या खुणेपर्यंत आला ते पाहायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. बरं झाड सहा-सात खुणा देई. ज्याचा रस सलग तीन दिवस पाच खुणांच्या खाली भरेल, ते झाड आटलं असं समजून चौथ्या दिवशी तोडायचं. त्याचं लाकूड काहिलीखाली जाळायचं.

मापाडी होता सचोटीचा. पाटलांची दोन झाडं गेल्या वर्षी कमी भरली, तेव्हा त्याने पाटलांचीही भीड ठेवली नव्हती. पाटलांनीही मुकाट्याने झाडं तोडू दिली होती. त्या दिवसापासून गावात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला, आणि खरं सांगायचं तर, तो स्वतःही जरा ताठ मानेने चालू लागला.

गावाच्या टोकाला एक बाई राहायची. तिच्या मालकीचं एकच झाड. नवरा गेल्यापासून ती कमरेला दोर बांधून स्वतःच झाडावर चढायची आणि त्या एका झाडाच्या गुळावर घरातल्या चार तोंडांचं वर्ष काढायची. त्या थंडीत तिचं मडकं पहिल्या दिवशी चार खुणा भरलं. दुसऱ्या दिवशीही चारच. तिसऱ्या दिवशी मापाड्याने पुन्हा "चार" म्हटलं आणि तोडायची खूण म्हणून तिच्या झाडाला चुन्याचा पट्टा ओढला.

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती म्हणाली, "दादा, रस कमी नाही हो. मडकं खाली उतरवताना माझे हात भरून येतात. एकदा तुमच्या मडक्यात ओतून मोजा की."

"काठी माझ्या आजोबांची आहे. तिने आजवर कुणावर अन्याय केलेला नाही," असं म्हणून मापाडी चालू लागला. चार माणसांसमोर आपल्या मापावर कुणी शंका घेतली, हेच त्याला जास्त झोंबलं होतं.

त्याच संध्याकाळी त्याचं स्वतःचं मडकं झाडावर बांधताना हातातून निसटलं आणि फुटलं. गावचा म्हातारा कुंभार दोन वर्षांपूर्वी वारला होता, तेव्हापासून लोक लागतील तशी मडकी बाजारातून आणत. मापाड्याच्या बायकोनेही एक आणून ठेवलं होतं, खाली चांगलं पसरट. त्याने तेच बांधलं.

सकाळी त्याने सगळ्यांत आधी आपलंच मडकं उतरवलं. त्याचं झाड म्हणजे बनातलं नावाजलेलं झाड, सातच्या खाली कधी आलं नव्हतं. काठी घातली तर चार खुणा. त्याने काठी पुसून पुन्हा घातली. पुन्हा चारच.

तो मडकं घेऊन घरी आला आणि झाड आटलं म्हणून कपाळाला हात लावून बसला. बायको म्हणाली, "अहो, एका रात्रीत झाड आटतं होय? झाड तेच आहे, मडकं तेवढं नवं आहे."

मापाड्याने घरातलं पाण्याचं, म्हाताऱ्या कुंभाराच्या हातचं जुनं, उभट मडकं काढलं आणि सगळा रस त्यात ओतला. रस चढत चढत सातव्या खुणेला टेकला. आजोबांनी खुणा कोरल्या, तेव्हा गावात एकच कुंभार होता आणि सगळी मडकी एकाच घडणीची होती. आता पसरट मडक्यात तोच रस पसरून बसत होता, आणि काठी फक्त उंची सांगत होती. त्या बाईचं मडकं पसरट होतं. गेल्या वर्षी पाटलांची दोन्ही मडकीही बाजारची, अशीच पसरट होती.

बाहेर कुऱ्हाडी घेतलेली माणसं बनाकडे निघाली होती. मापातली ही चूक अजून त्याच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. गप्प बसला तर गावातला मान तसाच राहणार होता. क्षणभर त्याला तो मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग त्याने काठी काखेत मारली, दोन्ही मडकी उचलली आणि तो पळत सुटला.

पाटील बाईच्या झाडाखालीच उभे होते. धापा टाकतच मापाडी म्हणाला, "पाटील, कुऱ्हाड थांबवा. माझं माप चुकलं. गेल्या वर्षी तुमची दोन झाडं पडली, तेव्हाही चुकलं होतं." मग त्याने सगळ्यांसमोर रस एका मडक्यातून दुसऱ्यात ओतून दाखवला. बाईचा त्या सकाळचा रसही उभट मडक्यात ओतला. तो सात खुणा भरला.

पाटलांचा चेहरा लाल झाला होता. मापाड्याने काठी त्यांच्यापुढे धरली आणि मान खाली घातली.

"काठी ठेव तुझ्याकडेच," पाटील म्हणाले. "झाड पडायच्या आधी सांगायला आलास, असा मापाडी मला दुसरा कुठे मिळणार? पण माझी दोन झाडं गेली आहेत. त्यांच्या जागी दोन रोपं तू लावायचीस आणि रस देईपर्यंत तूच जगवायचीस."

मापाड्याने ते आनंदाने कबूल केलं. त्या दिवसापासून प्रत्येकाचा रस एकाच ठरलेल्या मडक्यात ओतून मोजायचा, असं गावाने ठरवलं.

दुपारी मापाडी रोपं शोधायला निघाला, तर ती बाई दारात उभी. तिच्या हातात मातीसकट उपटलेली शिंदीची दोन रोपं होती.

"माझ्या झाडाखाली उगवलेली आहेत," ती म्हणाली. "खड्डे खणायला मीही येते."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपलंही माप चुकू शकतं हे जो वेळेवर कबूल करतो, तोच दुसऱ्याचं माप घ्यायला लायक असतो.