न मोडणारी भाकर

प्रवरेच्या काठी खडकवाण नावाचे गाव. त्या गावी, पुनरुत्थानाच्या सणाला, शिमोनबाबांचा मुक्काम होता. बाबा म्हणजे फिरता पाळक. खांद्याला गोणपाटाची पिशवी, मुखी प्रभूचे गाणे, आणि ज्या ओसरीला जागा मिळेल ती आपली. खडकवाणच्या मंडळीला स्वतःचा पाळक नव्हता. म्हणून वर्षातून तीनचारदा बाबा येत, तेव्हाच तिथे प्रभुभोजन होई.

मंडळी होती दोन वस्त्यांची. वरच्या वस्तीने दोन पिढ्यांमागे प्रभूला धरले होते. ओढ्यापलीकडची खालची वस्ती दोर वळणाऱ्यांची. तिला बाबांनी गेल्याच वर्षी बाप्तिस्मा दिला. दोन्ही वस्त्या एके काळी गावकुसाबाहेरच्याच. पण आता वरची वस्ती प्रभूच्या देवळात बसे आणि खालची बाहेर मांडवात. कुणी विचारले, तर पंच नथानेल उजगरे म्हणत, "आत जागा कुठाय?" आणि प्रभूची भाकर मांडवात जाई ती मागाहून, निराळ्या, हलक्या जर्मन धातूच्या ताटात.

प्रभूच्या मेजाची भाकर करायचा मान घरोघरी फिरे. तो वरच्या वस्तीतच फिरे, हे सांगायला नकोच.

सणाच्या आदल्या दिवशी चिमाबाई पंचांच्या ओट्यापाशी आली. खालच्या वस्तीतली विधवा बाई, एकटी. दोरासाठी घायपात सोलून सोलून हातांना चिरा पडलेल्या. पदराखाली तिने जोंधळ्याची एक भाकरी झाकून आणली होती.

"सलाम, पंच. उद्याच्या मेजाला एवढी माझी घ्या जी."

ओट्यावर चारदोन जण पान खात बसले होते. नथानेलने त्यांच्याकडे पाहून डोळा घातला. "काय गं चिमे, प्रभूला आता घायपाताचा वास देतीस व्हय?"

"हात धुऊन केलीया."

"धुतल्यानं जातंय होय ते? उद्या म्हणशील, पंच, मलाच पाळक करा!"

ओटा खदखदून हसला. चिमाबाईही कसनुशी हसली. उन्हातून आली होती, तिने पाणी मागितले. नथानेलने तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत धार सोडली. ती प्याली, तोंड पुसले, आणि भाकरी घेऊन आली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी देऊळ फुलून गेले. मेजावर उजगऱ्यांच्या घरची भाकर, सात वेळा चाळलेल्या गव्हाच्या पिठाची. शेजारी प्याल्यात मनुकांचा रस. नथानेल पुढच्या चटईवर बसला होता. पण त्याचा जीव घरी होता. त्याची म्हातारी आई राहीबाई आठ दिवस अंथरुणाला खिळलेली. अन्न सुटले, बोलणे सुटले, एकच धोसरा राहिला होता: "बाबा येऊ द्या. प्रभूचं जेवते, मग जाते."

बाबांनी प्रार्थना केली. भाकर उचलली. दोन्ही हातांनी मोडू लागले.

भाकर मोडेना!

कडक म्हणावी तर तसेही नाही. बोट दाबले की खळी पडे, इतकी मऊ. पण तुकडा म्हणून निघेना. बाबांच्या कपाळावर घाम आला. मागून कुणीतरी पुटपुटले, "उजगरेकाकूंनी पीठ मळलं का चुना?" बायकांत खसखस पिकली. नथानेलचे कान तापले. तो उठला.

"द्या इकडं, बाबा. हात थकले तुमचे."

त्याने ओढली, पिळली, गुडघ्याखाली धरली. विळी आणवली. विळीचे पाते भाकरीवरून नुसते घसरले. मागचे हसणारे उठून पुढे पाहू लागले. 

तेवढ्यात त्याची बहीण धावत दारात आली. "दादा, आई डोळे फिरवायला लागली! भाकर मागतीय रं!"

नथानेल बाबांच्या पुढ्यात मटकन बसला. "बाबा, काय करू? ती उपाशी जाईल!"

बाबांनी भाकर फडक्यात ठेवली. ओट्यावरची कालची गोष्ट त्यांच्या कानी आली होती. हळू आवाजात म्हणाले, "नथानेल, ही प्रभूनं धरून ठेवलीय बाळा. अर्धी लेकरं बाहेर बसलेली असताना स्वतःला मोडू देणं त्याला जमेना. ज्या घरची भाकर तू परतवलीस, त्या घरची घेऊन ये."

मंडळी ऐकत होती. नथानेलने मांडवाकडे पाहिले. चिमाबाई आली नव्हती. सणाचा दिवस, आणि ती आली नव्हती! का आली नाही, हे साऱ्या खडकवाणात त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?

तो निघाला. मांडवातून जाताना त्या माणसांनी पाय आखडून त्याला वाट दिली. ती वाट त्याला निखाऱ्यांसारखी भाजली. इतक्या वर्षांत ओढा त्याने कधी ओलांडला नव्हता. झोपडीजवळ येताच जात्याची घरघर कानी आली, आणि तिच्यावर गाणे:

*जोंधळा दळिते, दाणं चार ओंजळीत,*
*येशू बसला जेवाया, माझ्या गळक्या झोपडीत.*

दारात त्याची सावली पडली आणि गाणे थांबले.

"पंच! तुमी? काय चुकलं का माझं?"

 वाटेत जुळवलेले सारे शब्द ओढ्यातच राहिले होते. "चिमाबाई... कालची भाकरी..."

"ती म्या खाल्ली जी, रातच्याला." ती खाली बघत म्हणाली. "टाकवंना."

"आई जातीय माझी. प्रभूचं जेवण मागतीय. तुझ्या हातची भाकर पायजे."

तो वाट पाहत राहिला. दोन बोल तिने सुनवावेत, असे त्याला मनापासून वाटत होते. ते सोसणे सोपे गेले असते.

"राहीआज्जी जाती म्हणता? अवं मंग हुबं काय ऱ्हायलाव! बसा!" आणि तिने चुलीत काटक्या सारल्यासुद्धा.

नथानेल उंबऱ्यावर बसला. उन्हातून आला होता. त्याने पाणी मागितले. चिमाबाईने तांब्या भरला, त्याच्यापर्यंत आली आणि अडखळली. मग समजूतदारपणे म्हणाली, "वंजळ धरा पंच. वरनं वतते. आमचं भांडं कशाला तुमच्या तोंडाला."

तिच्या मनात रागाचा लवलेश नव्हता. त्याची अडचण होऊ नये, एवढेच! नथानेलने ओंजळ पुढे केली आणि त्याला आपला बाप दिसला. गावातल्या वाण्याच्या पायरीखाली वाकलेला, वरून पडणाऱ्या धारेला ओंजळ लावलेला, पाणी कोपरांवरून गळत असलेला. तेव्हा लहानगा नथानेल शेजारी उभा राहून दातओठ खात होता. कालचा तांब्या मात्र त्याच्याच हातात होता.

"भांडं दे, बाई," तो कसाबसा म्हणाला. तांब्या तोंडाला लावून तो प्याला. पाण्यात डोळ्यांचे पाणी मिसळले. चिमाबाईने पाहिले आणि तव्याकडे तोंड फिरवले.

दोघे धावतच राहीबाईपाशी पोचले. तोवर बाबा प्याला घेऊन उशाशी येऊन बसले होते. त्यांनी ती जोंधळ्याची भाकरी आशीर्वादून हाती घेतली मात्र, ती फुलासारखी उलगडली, वाफ वर आली. बाबांनी घास मनुकांच्या रसात भिजवून म्हातारीच्या ओठांना लावला. आठ दिवस अन्नाला न शिवलेली राहीबाई तो घास गिळून बोलली, "कुणी केली रं?"

"चिमाबाईनं, आई. खालच्या वस्तीच्या."

"मंग ती भाईर का हुबी?"

पडवीत चिमाबाई अंग चोरून उभी होती. नथानेलला मान वर करवेना. त्यानेच जाऊन तिला हाताला धरून आत आणले. राहीबाईने तिच्या चिरा पडलेल्या हातात आपला हात ठेवला आणि शांत झोपली. पुढे तीन दिवसांनी, अशाच झोपेत, ती प्रभूघरी गेली.

बाबा नथानेल आणि चिमाबाईला घेऊन देवळात परतले. त्यांनी मेजावरचे फडके उघडले, तो काय नवल! गव्हाची भाकर आपोआप मोडून पडली होती. मांडवातल्यांना आत घेतले. माणसे मांडीला मांडी लावून बसली आणि जागा पुरून उरली. प्रत्येकाला एकेक तुकडा मिळाला. ताटात ना उणा, ना जास्त.

नथानेल साऱ्यांदेखत बाबांच्या पायांवर डोके टेकायला वाकला, तर बाबा बाजूला सरले. "माझी भाकर नाही रे परत गेली तुझ्या ओट्यावरून," ते म्हणाले.

तेव्हा नथानेल वळला आणि त्याने चिमाबाईसमोर जमिनीवर लोटांगण घातले. ती बिचारी पाय ओढून घेत भिंतीला जाऊन टेकली. त्या पायांना जन्मात कुणी हात लावला नव्हता.

"अवं पंच, उठा! लोक बघत्यात!"

"बघू दे," नथानेल म्हणाला. त्याचे कपाळ किती तरी वेळ जमिनीवरून उठले नाही.

ज्याच्या मेजाला बाहेरची पंगत नाही, त्या कृपाळू प्रभूला तुम्हा-आम्हा सर्वांचा सलाम असो.