बेलब्रुकचा इतिहास

मेलबर्नच्या बेलब्रुक उपनगरातला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब कित्येक वर्षांत एकही चषक जिंकला नव्हता. शेजारच्या मातब्बर हार्टन क्लबचे अध्यक्ष त्याला आपल्यात विलीन करून घ्यायला आले. विलीनीकरणावर मतदानासाठी भरलेल्या सभेत ते म्हणाले, "आमचं कपाट चषकांनी भरलंय. तुमचा इतिहास कुठे आहे, दाखवा."

पाठीराख्यांच्या माना खाली गेल्या. भर पावसातही सामना न चुकवणारी मृदुला केळशीकर मात्र उठली. तिला या माणसांचा फार अभिमान होता.

"साहेब, तुमचा इतिहास कपाटात मावला. आमचा मावत नाही. संघ हरला, तरी आमचा इतिहास दर शनिवारी मैदानावर येतो. आत्ता तुमच्यासमोर बसलाय."

एकेक करत सगळं सभागृह उभं राहिलं. अध्यक्षांनी मतदानाआधीच आपले कागद आवरले.