पेंढीचा बंध

"आणि पेंढीला इंग्रजीत काय म्हणतात म्हणालास?"

"शीफ, बाबा."

"शीफ..." रखमाजीबाबांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला, नवा गूळ चाखावा तसा. "बरा आहे. पुष्कळ असल्या तर?"

"शीव्ह्ज."

श्रीपतीला असलं सांगायला मनापासून आवडे. तालुक्याच्या शाळेत तो इंग्रजीच शिकवायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र आपल्या गुरूंच्या, बाबांच्याच, मठाच्या शेतात गव्हाच्या कापणीला यायचा.

"नुसत्या धान्याचीच नाही, कागदांचीही शीफ असते. बाणांचीही."

"बाणांचीही?" बाबा हसले. "आणि माणसांची?"

"माणसांना नाही म्हणत, बाबा."

"का बरं?"

श्रीपतीने मान वळवली. बोलणं कुठे चाललंय ते त्याला कळलं होतं...

ओढ्यापलीकडे कोंडाजीचं खोपट दिसत होतं. दारात गाठोडं बांधून ठेवलेलं. शिवरात्रीच्या भजनात श्रीपतीने आपल्या या गुरुबंधूचा उच्चार सगळ्यांदेखत सुधारला होता. कोंडाजीने मृदंग खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. आज संध्याकाळच्या एसटीने तो बहिणीच्या गावी निघाला होता. कायमचा.

"बरं, बांध एक," बाबा म्हणाले.

श्रीपतीने कवेत गहू घेतला. त्यातल्याच काही काड्या उपसून पेंढीभोवती वळवल्या. ऊन चढलं होतं. कोरड्या काड्या कटकन मोडल्या.

"मास्तर, तुमची शीफ सुटली हो!" शेजारी कापणारा एक गडी ओरडला.

श्रीपतीलाही हसू फुटलं. बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

त्याने दुसऱ्या काड्या घेतल्या, भिजवल्या, हलकेच पीळ दिला. आता बंध नीट बसला.

"निवडून घेतल्यास वाटतं ह्या?"

"हो, लांब बघून. आखूड काडी पुरत नाही."

"हं..."

बाबा पेंढीवरून हात फिरवत राहिले, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बाबा, उच्चार खरंच चुकला होता त्याचा."

"चुकला होता."

"मग मीच का जायचं?"

बाबांचा हात फिरता फिरता बंधावर आला, आणि तिथेच थांबला...

श्रीपतीने त्या हाताकडे पाहिलं. मग विळा खाली ठेवला, उपरण्याने तोंड पुसलं आणि उठून ओढ्यावरच्या पुलाच्या वाटेला लागला.

"श्रीपती..."

"जी, बाबा?"

"पुलावरून नको रे, बाळा. ओढ्यातून जा. जरा भिजून जा."