टोपलीखालचं पाऊल

एकदा एका माळरानावरच्या गावात पावलांचा माग काढणारा एक वृद्ध राहत होता. चोरी झाली, जनावर हरवलं, की पंचक्रोशीतले लोक त्याला बोलावणं धाडत. तो येई तो बांबूची एक टोपली हातात घेऊन. आल्या आल्या कुणाशी बोलत नसे. मातीत चोराचं स्वच्छ उमटलेलं एक पाऊल शोधायचा आणि त्यावर ती टोपली पालथी घालायचा, म्हणजे बघ्यांच्या पायाखाली ते मोडू नये. मग शेजारी स्वतःचं पाऊल दाबून उमटवायचा आणि सगळ्यांना दाखवून म्हणायचा, "ह्ये माजं. ह्ये वगळा." एवढं झाल्यावरच तो चहाला हात लावी. पुढे माग काढत तो गावाच्या शिवेपर्यंत जाई आणि तिथे थांबून पुढचं काम पुढच्या गावाच्या जागल्याच्या, म्हणजे राखणदाराच्या, हवाली करी. चोराच्या घरात तो आयुष्यात कधी शिरला नाही.

त्याचा एक शिष्य होता. ऐन तारुण्यात चार वर्षं तो वृद्धाच्या मागे माळ तुडवत हिंडला. पुढे माग काढणाऱ्याला कुणी विचारेना, तेव्हा त्याने तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. जुने फोन घ्यायचे, नीट करायचे, विकायचे. दुकान चाललं. एकदा भेटायला आला असता तो गुरूला म्हणाला, "आबा, आता माणसं मातीवरून कमी आणि मोबाईलवरून जास्त चालतात. मी तिथला माग काढतो."

"काढ की," वृद्ध म्हणाला. "टोपली न्हेलीस का?"

शिष्याला ती म्हाताऱ्याची थट्टा वाटली.

शिष्याच्या मनात एक राग होता, आणि तो खोटा नव्हता हे आधीच सांगितलं पाहिजे. त्याच्या गल्लीतल्या एका सात वर्षांच्या मुलीशी घरी येणाऱ्याजाणाऱ्या माणसानेच दुष्कृत्य केलं होतं. खटला चार वर्षं चालला, साक्षीदार फिरले, माणूस सुटला आणि दुसऱ्या दिवशी चौकातल्या टपरीवर मिशीला पीळ देत चहा पीत बसला. शिष्याने ते पाहिलं. त्या दिवसापासून त्याच्या पोटात निखारा होता. मोबाईलवर त्याने 'पहारा' नावाचा गट काढला. तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने खोटं खातं उघडायचं, गळाला लागलेल्या पुरुषाला बसस्टँडवर बोलवायचं आणि त्याला पकडून सगळ्या जगाला थेट दाखवायचं. असे दोघे त्याने पकडले. ते काही साधुसंत नव्हते. लोकांनी त्यांना झोडपलं, बघणाऱ्यांचा आकडा चाळीस हजारांवर गेला आणि शिष्याला रस्त्यात अनोळखी बायका हात जोडू लागल्या.

त्या दोघांपैकी एकही शिक्षेपर्यंत पोचला नाही. ज्यात सगळा पुरावा होता ते त्यांचे मोबाईल लोकांनीच दगडाने ठेचले होते. ठाण्यात नव्याने आलेल्या फौजदार बाईंनी शिष्याला तसं स्पष्ट सांगितलं. त्याने ते कामचुकारांचं निमित्त म्हणून सोडून दिलं.

आणि मग एके दिवशी दुकानात एक आई आली. पदराने तोंड पुसत तिने आपला फोन काउंटरवर ठेवला. तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला त्या फोनवर दोन महिने एका नंबरवरून निरोप येत होते. काय होते ते इथे लिहिण्याची गरज नाही. शेवटचा होता, 'आईला सांगितलंस तर बघ.'

"कोण आहे ते ती सांगत नाही दादा. रोज उद्या सांगते म्हणते," आई म्हणाली. "ठाण्यात गेले तर पोरीचं नाव होईल. तुम्हीच बघा काहीतरी."

"ताई, दोन दिवसांत त्याचं तोंड जगाला दाखवतो," शिष्य म्हणाला.

नंबर कुणाचा ते सांगणाऱ्या ॲपवर त्याने तो टाकला. नाव आलं ते शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका शिंप्याचं. पन्नाशीचा, एकाच मशीनवर उभा जन्म गेलेला माणूस. रोज शेकडो मुलींची मापं घेणारा माणूस! आता आणखी काय हवं? त्याने गुरूला फोन लावला, आशीर्वाद घ्यावा म्हणून.

वृद्धाने सगळं ऐकून घेतलं. "झाकून ठेव," तो म्हणाला. "त्या फौजदार बाईच्या हातात दे. तुजी शीव आली."

"आबा, तिथे नुसते कागद फिरतील. तोवर त्या पोरीचं काय?"

"पोरीसाठीच म्हनतोय, लेका."

पण ज्याला चाळीस हजार माणसं वाट बघत बसलेली दिसतात, त्याला एका म्हाताऱ्याचं बोलणं कितीसं ऐकू येणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी शिष्य शिंप्याच्या अंगणात उभा राहिला. मागे पंधरा-वीस माणसं होती, आणि चित्रण सुरू होताच ती दोनशे झाली. शिंपी गळ्यात माप घ्यायची फीत घालून बाहेर आला. हातात खडू होता. आपल्या दारी एवढी माणसं कशाला, हे त्याला कळेना. अकरा वर्षांच्या एका मुलीला कसले निरोप येत होते ते सांगून शिष्याने नंबर वाचून दाखवला.

"हा तुझाच ना?"

"हो, म्हणजे जुना..."

"हो म्हणाला!" गर्दीतून आवाज उठला. कुणीतरी आत घुसून मापांची वही आणली. मुलींची नावं, इयत्ता, छाती, कंबर, उंची. शिवणाऱ्याच्या वहीत दुसरं काय असणार! पण त्या दुपारी ती वही डोक्यावर धरून नाचवली गेली आणि मोबाईलवर भराभर उमटू लागलं, 'पुरावा सापडला.' शिवून ठेवलेले गणवेश अंगणात फेकले गेले. शिंपी हात जोडून काहीतरी सांगत होता. पहिली थप्पड शिष्याने मारली. पुढच्या कुणी मारल्या ते चित्रणात नीट दिसत नाही, कारण तोवर फोन हलू लागला होता. पोलिसांची गाडी पोचली तेव्हा शिंपी शुद्धीवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने वृद्ध आला. हातात तीच टोपली. शिष्याच्या घरी पाणीसुद्धा न पिता तो म्हणाला, "त्या अंगनात चल." शिंप्याची बायको दवाखान्यात होती, दाराला कुलूप होतं. वृद्ध अंगणात शिरला आणि टोपली हातात धरून वाकून चालू लागला. या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठे टोपली टेकवण्याइतका खाली वाकायचा, पुन्हा उचलायचा, पुढे जायचा. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. शेजारपाजारचे खिडकीतून बघू लागले. शिष्य शरमून गेला.

"आबा, काय शोधताय?"

"एक पाऊल."

"इथं तर हजार आहेत."

"म्हनून तर एक बी न्हाय." वृद्धाने कंबर सरळ केली. "मारताना त्यो काय सांगत हुता?"

"काय सांगणार? सगळे सांगतात तेच."

"तू ऐकलंस?"

शिष्याने खिशातून फोन काढला.

"लाव त्ये. हळू लाव."

शिष्याने आपलंच चित्रण लावलं, फोन कानाशी धरला. चाळीस हजार लोकांनी पाहिलेलं, त्याने स्वतः दहा वेळा पाहिलेलं. आरडाओरड्याच्या तळाशी शिंप्याचा आवाज होता, आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता: "अहो भाऊ, ते कार्ड त्या जुन्या फोनातच राहिलं, तो फोन मी तुमच्याच दुकानात दिला ना..." आणि मग थप्पड.

शिष्य खाली बसला. त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी शिंपी जुना फोन देऊन दुसरा घेऊन गेला होता. त्या गडबडीच्या दिवसांत आतलं सिमकार्ड काढायचं राहिलं असणार. फोन आठवड्याभरात खपला. कुणाला, ते त्याने विचारलं नव्हतं. नाव घेतलं नाही, कागद पाहिला नाही. जगभर माग काढत हिंडलेल्या माणसाच्या मागाची सुरुवात त्याच्याच उंबऱ्यावर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

वृद्ध त्याच्याशेजारी मातीतच टेकला. तो फार बोलणारा नव्हता. त्या दिवशी बोलला.

"माग काढायच्या आदी आपलं पाऊल उमटवून वगळायचं, ह्ये तुला चार वर्सं दावलं. तुला वाटलं, म्हाताऱ्याची रीत हाय. आरं, आपलं पाऊल वळकल्याबिगर दुसऱ्याचं कसं वळकायचं? आनि ऱ्हायली टोपली. चोराला लपायला रान लागत न्हाय, गर्दी लागती. काल तुज्या चाळीस हजारांत त्यो बी बसला आसंल. शिंप्याला शिव्या घालत आसंल, आनि हात धूत आसंल. तुजा राग खरा हाय, बाळा. पर राग खरा असला म्हंजी मानूस खरा सापडतोच आसं न्हाय. टोपली मी चोरासाठी ठिवत न्हवतो. ज्याचं घर लुटलं, त्याच्यासाठी ठिवत हुतो."

तो उठला. उठताना त्याला तुडवल्या गेलेल्या एका गणवेशाला टाचलेली चिठ्ठी दिसली. वृद्धाला वाचता येत नव्हतं.

"ह्यावर काय लिवलंय?"

शिष्याने चिठ्ठी हातात घेतली. 'सहावी ब' आणि खाली नाव. निरोप येत होते त्याच मुलीचं. शाळेतल्या साऱ्या मुलांचे कपडे इथेच शिवले जात, तसे तिचेही. शिष्याने ते नाव वाचायला तोंड उघडलं आणि भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या बायका पाहून पुन्हा मिटलं. ते नाव या कथेतही येणार नाही.

वृद्धाने चिठ्ठी जमिनीवर ठेवली आणि टोपली तिच्यावर पालथी घातली. "आता येवढंच झाकायचं ऱ्हायलंय," तो म्हणाला.

तेवढंही झाकलेलं राहिलं नव्हतं. ठाण्यात फौजदार बाईंनी सांगितलं की तो नंबर कालपर्यंत चालू होता. चित्रण सुरू झालं आणि अकराव्या मिनिटाला कायमचा बंद पडला. "दोन दिवस गप्प राहून मला दिला असतात, तर तो फोन कुणाच्या खिशात आहे ते कळलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, आणि शिष्याला तेच जास्त लागलं. चित्रणाखाली कुणीकुणी मुलीची गल्ली लिहिली होती, कुणी शाळा. संध्याकाळपर्यंत घर ओळखलं गेलं होतं.

फौजदार बाई साध्या साडीत त्या घरी गेल्या. मुलीसमोर जमिनीवर बसल्या, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मुलीने शेजारणीच्या फोनवर ते चित्रण सगळं पाहिलं होतं. आपले कपडे शिवणाऱ्या काकांना माराखाली पडताना पाहिलं होतं. तिने एकच विचारलं, "मी नाव सांगितलं, की तेवढी माणसं आमच्या घरी येणार?"

बाई म्हणाल्या, नाही येणार. मुलीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग ती म्हणाली, "मला आठवत नाही."

त्यानंतर ती त्याबद्दल कधीच काही बोलली नाही. उद्या सांगते, असंही म्हणाली नाही. तो माणूस आजही कुठेतरी आहे, कदाचित तिच्या घरी चहाला येत असेल.

तिसऱ्या दिवशी पहाटे शिंपी गेला. जून महिना तोंडावर होता. अर्धवट शिवलेले गणवेश त्याच्या बायकोने घडी घालून शाळेच्या पायरीवर नेऊन ठेवले आणि कुणाशी न बोलता परत गेली. 'पहारा'वर एका रात्रीत सामसूम झाली. ज्यांनी 'मारा' लिहिलं होतं त्यांनी ते पुसून टाकलं. आम्ही तर नुसतं बघत होतो, असं सगळेच म्हणू लागले, आणि गंमत अशी की ते खरंही होतं.

शिष्याला वकिलाने सांगितलं, गर्दीत कुणी काय केलं ते सिद्ध होणं अवघड असतं, गप्प राहा. शिष्य ठाण्यात गेला. वृद्ध त्याच्यासोबत होता, पहिल्यांदाच मोकळ्या हातांनी. टोपली त्या अंगणातच राहिली होती. फौजदार बाईंनी चित्रण लावलं, पहिल्या थपडेपाशी थांबवलं आणि विचारलं, "हा हात कुणाचा?"

शिष्याने गुरूकडे पाहिलं. वृद्धाची नजर जमिनीकडे होती.

"हे माझं," शिष्य म्हणाला. "हे वगळू नका."