पेरू का कोमेजला?

“दहा घागरी! आजपासून बागेला रोज फक्त दहा घागरी पाणी! आणि शंभर झाडांपैकी एकाचंही पान कोमेजता कामा नये!” मेघकेतू महाराज गरजले. “पंधरा दिवसांनी मी बघायला येईन. एक जरी पान सुकलं, तर या रावजी माळ्याचं झाड करू!”

ही नुसती धमकी नव्हती. आधीचे दोन माळी बागेत झाडं होऊन उभेच होते! गुडघ्यापर्यंत मातीत पुरलेले, दोन्ही हातांत एकेक फांदी. धोंडूच्या गळ्यात पाटी होती ‘पेरू’, लखूच्या गळ्यात ‘फणस’. शंभर झाडांच्या यादीत त्यांचीही नोंद होती. त्यांना भाकरी मिळे, पण तिला खत म्हणायचं असा हुकूम होता. धोंडूच्या पागोट्यात तर कावळीने घरटं बांधलं होतं.

खरं तर चूक महाराजांचीच होती. पाणी घातलेलं दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट! त्यामुळे रोज सकाळी चाळीस नोकर पखाली घेऊन धावत आणि समोर येईल त्यावर पाणी ओतत. वाटांवर, दगडी हत्तीवर, एकदा तर झोपलेल्या मोरावरही. वाटेवर शेवाळ धरलं होतं. प्रधानजी रोज एकाच जागी घसरून पडत, म्हणून तिथे एक उशी ठेवली होती. शेवटी चैत्रात विहिरीने तळ दाखवला आणि हे दहा घागरींचं फर्मान निघालं.

रावजी घरी आला आणि अंगणात हात पसरून उभा राहिला.

“बाबा, हे काय?” त्याची मुलगी येसू बाहेर आली.

“आतापासून सराव केलेला बरा, पोरी. मी आंबा व्हायचं म्हणतोय. आंब्याला जरा मान असतो.”

“हात खाली घ्या आणि गाडी जुंपा. आपल्याला कुंभारवाड्यात जायचंय!”

भिकोबा कुंभाराच्या अंगणात मडक्यांचा ढीग होता. येसू एकेक मडकं बोटाने वाजवून पाहू लागली. खणखणीत वाजलेलं ती बाजूला ठेवी आणि बद्द वाजलेलं गाडीत!

“अगं, उलटं करतेयस! ती मडकी पाझरतात. कोणी फुकटसुद्धा नेत नाही.”

“म्हणूनच नेतेय, काका!”

भिकोबा रावजीकडे वळला. “पोरीचं डोकं फिरलंय का रे?”

“माझं झाड होणार आहे, भिकोबा. कुणाचं डोकं फिरलंय ते मला विचारू नकोस.”

येसूने प्रत्येक झाडाच्या मुळाशी एकेक मडकं गळ्यापर्यंत पुरलं, पाण्याने भरलं, खापरीने झाकलं आणि वर पालापाचोळा पसरला. केळीला मोठा डेरा, जाईला छोटंसं बोळकं. कोरफडीला मात्र काहीच नाही.

“हिला का वगळलंस?” रावजीने विचारलं.

“विचारलं तिला. नको म्हणाली.”

एकदा भरलेलं मडकं चार-चार दिवस हळूहळू पाझरत राही. रोज पाव बाग भरली, की झालं! त्याला आठच घागरी लागत. उरलेल्या दोन घागरींनी येसू धोंडूकाका आणि लखूकाकांना पाणी पाजी आणि आंघोळही घाली.

पंधराव्या दिवशी महाराज आले. बाग हिरवीगार, पण वाटा कोरड्या, माती कोरडी!

“पाणी कुठंय? मला थेंबसुद्धा दिसत नाही! फसवणूक!”

“महाराज, जेवण झालं का?” येसूने विचारलं.

“झालं. चार पुरणपोळ्या खाल्ल्या.”

“कुठंयत? मला तर एकही दिसत नाही.”

“दिसतील कशा? पोटात गेल्या!”

“झाडांचं पाणीही पोटातच गेलंय, महाराज.”

महाराजांनी गुडघ्यांवर बसून स्वतः माती उकरली. आत ओलसर मडकं, आणि त्याला चहूबाजूंनी बिलगलेली पांढरी मुळं!

तेवढ्यात वाट कोरडी असूनही सवयीने घसरलेले प्रधानजी उशीवरून ओरडले, “थांबा! हा पेरू बघा! पार वाळलाय! अट मोडली!”

खरंच की! धोंडूच्या हातातल्या फांद्यांचा कुरकुरीत पापड झाला होता. त्याची मानही खाली पडली होती. रावजीने दोन्ही हात पसरले.

“पेरू यादीत आहे,” महाराज कडाडले. “बोल मुली, हा का कोमेजला?”

येसूने पेरूभोवती एक फेरी मारली. “पाणी भरपूर मिळालंय, महाराज. याची लावणीच चुकलीय. हे झाड वेशीपलीकडच्या घरातलं. बायको, दोन पोरं आणि एक म्हैस, ही याची मुळं. ती तिकडेच राहिली आणि आपण नुसतं खोड आणून इथे रोवलंत! फणसाचंही तसंच. मुळं तोडलेलं झाड मान टाकणारच. दोघांना नेऊन आपापल्या मुळांपाशी लावा. उद्या सकाळपर्यंत टवटवीत झाले नाहीत, तर त्यांच्या खड्ड्यात मी उभी राहीन. पाटी मात्र माझ्या पसंतीची!”

“कशाची?”

“कोरफडीची. पाण्याची बचत होईल!”

महाराज एवढे हसले, की प्रधानजींच्या शेजारी उशीवरच बसले. फणसही हसला, पण पेरू मात्र हललासुद्धा नाही.

“अरे धोंडू, तुम्ही दोघेही सुटलात! चल!”

“महाराज, डोक्यावर चार अंडी आहेत.”

मग राजवाड्यातून पालखी आली. पेरू घरट्यासकट, अगदी हळूहळू, घरी पोहोचवला गेला. रावजी बागेचा मुख्य माळी झाला आणि भिकोबाची सगळी बद्द मडकी महाराजांनी खणखणीत मडक्यांच्या भावाने विकत घेतली.

येसूला महाराजांनी सोन्याची झारी दिली. तिने ती उन्हात धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि बोटाने वाजवली.

“छान आहे, महाराज,” ती म्हणाली, “पण ही पाझरते का?”

महाराज पुन्हा उशीवर बसले!