आठचा कार्यक्रम

शिक्षणाधिकारी घोरपडेसाहेब सकाळी आठच्या कार्यक्रमाला साडेदहाला पोहोचले. सरकारी माध्यमिक शाळेची मुलं मैदानात उन्हात बसलेली. साहेबांनी लांबलचक भाषण ठोकलं, तेही वक्तशीरपणावर. मग मुख्याध्यापकांनी सहलीच्या परवानगीचा कागद पुढे केला.

साहेब मुलांना म्हणाले, "आधी वक्तशीरपणाचं उदाहरण द्या. पुस्तकातलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं. जमलं तर सही, नाहीतर सहल रद्द!"

नववीतली रेहाना तांबोळी उठली. "साहेब, आजचा कार्यक्रम आठचा होता. आम्ही सगळे साडेसातलाच येऊन बसलो."

"शाब्बास! आजचंच आणखी एक सांग."

"आजचं तेवढं एकच आहे, साहेब."

मुख्याध्यापकांनी घाबरून डोळे मिटले. साहेब क्षणभर गोरेमोरे झाले, मग त्यांनाच हसू फुटलं. त्यांनी सही केली आणि सगळ्या मैदानात शिट्ट्या घुमल्या.